गोळ्यांची सावड

आमच्या विभागात माणसं कुजबुजत बोलायची. पोटाचा विभाग म्हटल्यावर ते ओघानंच आलं. हृदयविकाराचा माणूस आपला आजार कसा ऐटीत सांगतो, ‘तीन ब्लॉक निघाले’ वगैरे. आतड्याच्या दुखण्याला तो मान नाही. पुण्यातली सभ्य माणसं ‘पोटाची जरा तक्रार आहे’ एवढ्यावर थांबतात आणि पुढचं डॉक्टरांनी ओळखावं अशी अपेक्षा धरतात. अशा त्या शांततेत एका सकाळी दारातूनच आवाज आला, “संडास कुठंशीक हाय? ते आधी सांगा, नाव मागनं सांगते.”

बाकांवरच्या सगळ्यांनी माना वर केल्या आणि लगेच मोबाइलमध्ये घातल्या. पण दोघातिघांच्या चेहऱ्यावर मला सुटका झाल्यासारखं दिसलं. तोच प्रश्न त्यांनाही विचारायचा होता.

तो आवाज शेवंताआक्कांचा. त्या पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, पण आजारानं गालफडं बसलेली. अंगावर चांगलं भारी पातळ, पायांत पोरांचे असतात तसले पांढरे बूट आणि खांद्याला एक फुगलेली पिशवी. पिशवीत दुसरं पातळ, साबण, पाण्याची बाटली आणि खारी. “घराबाहेर पडायचं तर घर संगं पायजे,” असं त्या म्हणत. मांजरीहून स्वारगेटपर्यंत कुठल्या हॉटेलात काहीही न घेता आत जाऊ देतात, कुठल्या पेट्रोल पंपावर कडी नाही आणि कुठल्या मंगल कार्यालयाचा वॉचमन भला आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. ‘कुठं राहता’ असं विचारलं की माणसं पत्ता सांगतात. आक्कांनी मला आधी घरातली सोय सांगितली. जमीन विकून मुलानं बंगला बांधला तेव्हा नकाशा काढणाऱ्याशी त्यांचं एकच भांडण झालं होतं. “तीन खोल्या आन् चार संडास,” त्या म्हणाल्या. “त्यो म्हनला, शोभत नाय. म्या म्हनलं, तुला व्हईल तवा शोभा बघ.”

मी तिथं संशोधनाची समन्वयक होते. म्हणजे डॉक्टर मोघे प्रयोग करायचे आणि मी त्या प्रयोगासाठी माणसं, कागद, औषधाच्या डब्या आणि रक्ताच्या नळ्या वेळेवर एका जागी आणायची. आक्कांना होता तो मोठ्या आतड्याचा दाह. आतडं आतून सुजतं, सोलवटतं, रक्त पडतं, दिवसातून किती वेळा धावावं लागेल याला धरबंध राहत नाही. पूर्वी या रोगाला मोजकीच औषधं होती. ती संपली की आतडंच काढून टाकायचं. शिवाय वर्षानुवर्षं सुजलेल्या आतड्यात पुढे कॅन्सर धरण्याची भीती. पण गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात नुसती धमाल चालली आहे. एकामागून एक नवी इंजेक्शनं, नव्या गोळ्या. दर परिषदेहून परत आले की मोघे लहान मुलासारखे अस्वस्थ असत. एरवी हा माणूस वाक्याला चार शब्द पुरवून वापरणारा. पण नव्या औषधाचे आलेख पाहिले की मला हाक मारून दाखवायचा आणि वर म्हणायचा, “बघा. आणि नाचू नका.” नाचायची वेळ आली होती ती त्यांच्यावरच.

त्यातल्याच एका नव्या गोळीचा प्रयोग आमच्याकडे आला. जुनी औषधं सगळ्यांची चालू राहणार. त्यावर अर्ध्या लोकांना नवी गोळी आणि अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कोणाला कुठली मिळाली ते ना रोग्याला माहीत, ना मोघ्यांना, ना मला. संगणकाला माहीत, आणि तो बोलत नाही. हे सगळं समजावून सांगितलं की माणसं उठून जायची. कर्वेनगरचे साठे काका, बँकेतून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, “म्हणजे मला फसवायला माझीच सही?”

“हो,” मोघे म्हणाले. “बाकी ठिकाणी सहीशिवाय फसवतात.”

“मी काय उंदीर आहे?”

यावर शेजारच्या बाकावरून आक्का बोलल्या. “उंदराला कोन इचारतंय का, सही करतो का म्हनून? तुमाला इचारलं ना, मग तुमी माणूसच हाय.” आणि मला म्हणाल्या, “कुठं करायची सही? आन् ह्यांचाबी कागद आणा, त्यांचं निम्मं मन झालंय.”

साठे काकांनी सही केली. का केली ते त्यांना नंतरही सांगता येत नसे.

आक्कांना मी एकदा विचारलं, एवढ्या हौसेनं कशा तयार झालात? त्या हसल्या नाहीत. त्यांची धाकटी जाऊ. रक्त पडायचं, सगळे मूळव्याध म्हणाले, झाडपाला झाला, लेप झाले. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. “शेवटपत्तोर लाजली ती,” आक्का म्हणाल्या. “माज्याशीबी बोलली नाय. एका चुलीवर सैपाक केला आमी. तवापासून म्या ठरवलं, ह्या गोष्टीचं मोठ्यानं बोलायचं.”

त्या मोठ्यानं बोलण्याचा आम्हाला किती उपयोग झाला ते मोघे कुठल्या शोधनिबंधात लिहिणार नाहीत, पण ते मला ठाऊक आहे. प्रयोगातल्या प्रत्येकाला रोजची नोंद ठेवायची होती: किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का. पहिल्या खेपेला साठे काकांनी आकड्याच्या जागी रोज सुवाच्य अक्षरात ‘समाधानकारक’ असं लिहून आणलं. मी कपाळाला हात लावला. आक्कांनी तो कागद माझ्या हातातून ओढला आणि भर बाकावर विचारलं, “साठेसायेब, काल किती टायम गेलता? आन् तांबडं व्हतं का?” काकांचा चेहराच तांबडा झाला. पण उत्तर आलं. मग पलीकडच्या बाईंनी आपणहून आपलं सांगितलं. महिनाभरात आमच्या बाकांवर असा मोकळेपणा आला की शेजारच्या दंतविभागानं मधलं दार बंद करून घेतलं.

प्रणाली त्याच सुमारास आली. पंचविशी-सव्विशीची, यवतमाळकडची, हडपसरच्या पुढे आयटीत नोकरी. हातात लॅपटॉपची पिशवी, चेहरा पांढराफटक. तिची जुनी औषधं एकेक करून निकामी ठरत चालली होती. सर्जननं तिला स्पष्ट सांगितलं होतं, आता आतडं काढून टाकण्याचा विचार करू, काही महिने पोटावर मलाची पिशवी लावावी लागेल. ती आमच्याकडे आली ती त्या ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा प्रयत्न म्हणून. मोघ्यांनी तिला एवढंच आश्वासन दिलं, की बिघडायला लागलं तर एक दिवसही वाट बघणार नाही.

“कुठं राहतीस?” आक्कांनी विचारलं.

“मांजरीले, आक्का. नवीन सोसायटी आहे ना, त्या मोठ्या कमानीची.”

आक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. “पोरी, त्यो आमचा फड व्हता. तू माज्या उसात राहतीस.”

प्रणाली पहिल्यांदा हसली. “मग मले रेंट तुम्हालेच द्यावं लागंल का?”

“भाडं ऱ्हाऊ दे, तू माज्याकडनं डबा घेऊन जात जा. मऊ भात, मुगाचं वरण. मसाल्याचं नाव काढायचं नाय.”

त्या दिवसापासून पोरगी आक्कांची झाली. तिचे आईवडील लांब, वडिलांना हृदयाचा त्रास. तिनं घरी धड सांगितलंही नव्हतं. सकाळी उठल्यावर पहिला फोन ती आक्कांना करायची. त्या फोनवर काय चालत असेल ते आमच्या नोंदींवरून मला कळायचं. दोघींच्या नोंदी इतक्या चोख असत की औषध कंपनीच्या तपासनीस बाईंनी त्यांचं कौतुक केलं.

तेच कौतुक सांगायला मी आक्कांजवळ गेले आणि घात झाला.

“आक्का, तुमचं दोघींचं कसं अगदी वेळच्या वेळी असतं हो,” मी म्हटलं.

“मग? आमची सावड हाय ना.”

“कसली सावड?”

“गोळ्यांची.”

सावड म्हणजे काय ते मी शहरातली असून मला माहीत होतं. एकाकडे एकच बैल, दुसऱ्याकडे एकच. दोघं मिळून जोडी करायची, आज तुझं शेत, उद्या माझं. कुणाचं रान पडीक राहू नये म्हणून गावानं काढलेली युक्ती. आक्कांनी तीच युक्ती आमच्या प्रयोगाला लावली होती. त्या, प्रणाली, साठे काका आणि आणखी दोन बायका असे पाच जण रविवारी बंगल्यावर जमायचे, पचेल असं जेवायचे. मग पाचही डब्या एका परातीत रिकाम्या व्हायच्या. आक्का हातानं गोळ्या कालवायच्या आणि ज्याला त्याला सारख्या वाटून द्यायच्या.

“तुमी निम्म्या डब्यांत पीठ भरलंय,” त्या अभिमानानं मला म्हणाल्या, “आमी त्याची सोय लावली. आता कुनीबी निव्वळ पिठावर नाय.”

मी साठे काकांकडे वळले. “साठे काका, तुम्हीसुद्धा?”

काका चष्मा पुसत म्हणाले, “गणिताच्या दृष्टीनं ते न्याय्य होतं.”

मी मोघ्यांच्या खोलीत कशी गेले ते आठवत नाही. त्यांनी सगळं ऐकलं. पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. “छान,” ते म्हणाले. “म्हणजे आपण काय तपासतोय ते आता फक्त परातीला माहीत.”

पाचही जणांना बोलावलं गेलं. मोघे रागावले असते तर बरं झालं असतं, ते नेहमीपेक्षाही हळू बोलत होते. हे त्यांना रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीला आणि कंपनीला कळवावं लागणार होतं. कमिटी म्हणाली तर पाचही जण प्रयोगाबाहेर. प्रणालीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. बाहेर म्हणजे तिच्यासाठी सर्जनची खोली, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

आक्का उभ्या राहिल्या. “दोष माजा हाय. मला काढा. पर मला येक सांगा डॉक्टर, ह्या पोरीच्या डबीत पीठ असलं तर?”

“असू शकेल.”

“आन् तुमी गप बसनार?”

“गप नाही बसणार. बिघडलं की तिला बाहेर काढून दुसरं औषध सुरू करणार. त्यासाठीच तर इतक्या वेळा बोलावतो.” मोघे थांबले. “आता मी विचारतो. तिच्या डबीत खरं औषध असलं, आणि तुम्ही ते पाच जणांत वाटून टाकलं असलं, तर?”

आक्का प्रणालीकडे वळल्या, तिच्याकडे बघितलं, आणि हळूच खाली बसल्या.

मग त्या बोलल्या ते भलतंच काहीतरी वाटलं. “माजं लगीन हून वरीसबी झालं नव्हतं. आमच्या रानात उसाचा प्रयोग लावला व्हता. साहेब लोक आले, दोरी लावून पट्टं पाडलं. एका पट्ट्याला नवं खत, शेजारच्याला कायबी नाय. आमाला म्हनले, हात लावू नका. खताचा ऊस असा काळाभोर वर आला. आन् त्यो दुसरा पिवळा, केविलवाना. मला बघवंना. येकाच बांधावरची दोन लेकरं, येकाला जेवाय घालायचं आन् येकाला उपाशी? सासऱ्याचा डोळा चुकवून म्या पाटीपाटीनं शेणखत टाकलं त्याला.”

“मग?” मोघ्यांनी विचारलं.

“मग काय, दोनी सारकंच आलं. साहेब मापं घेऊन गेले. म्हनले, ह्या खताचा काय उपेग नाय. गावात त्या साली ते खत कुनी घेतलंच...” आक्का मध्येच थांबल्या. त्यांचा हात कपाळाकडे गेला. “अगं बाई. खत चांगलं व्हतं ओ डॉक्टर. ते लई चांगलं खत व्हतं. माज्या मायेपायी ते वाया गेलं.”

मोघ्यांना जे समजावून सांगायला तास लागला असता ते आक्कांनी स्वतःच स्वतःला सांगितलं होतं. गोळी खरोखर चांगली असली आणि परातीमुळे ती निकामी दिसली, तर ती पुढे बाजारात येणारच नाही. आणि कुठल्या कुठल्या गावातल्या प्रणाली तिच्यावाचून राहतील. आक्का उठल्या आणि प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “माफ कर पोरी. आता ज्याची डबी त्यालाच.”

पुढचा पंधरवडा मी अहवाल लिहिण्यात घालवला. कंपनीच्या परदेशातल्या बाईंनी व्हिडिओवर मला गंभीरपणे विचारलं, हा काही धार्मिक विधी आहे का? मी म्हटलं, नाही, ही शेतीची पद्धत आहे. त्या म्हणाल्या, पण ही माणसं शेतकरी आहेत का? मी साठे काकांचा विचार केला आणि पुढचं पान उघडलं. शेवटी कमिटीनं आम्हा सगळ्यांची कानउघाडणी केली, पाचही जणांच्या नोंदींवर शेरा मारला आणि त्यांना पुढे चालू ठेवलं. कमिटीतल्या एका वकीलबाईंनी आक्कांना उलटतपासणीसारखं विचारलं होतं, “आता पुन्हा असं करणार नाही कशावरून?” आक्का म्हणाल्या, “एकदा ऊस घालवलाय, बाई.” उसाची हकिकत मी अहवालात लिहिली होती, त्यामुळे बाईंनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. सावड मोडणं सोपं होतं, मोडलेली ठेवणं अवघड. सुरुवातीला प्रणालीला पुन्हा जास्त रक्त दिसू लागलं. मोघ्यांनी तपासलं, पण प्रयोगातून काढण्याइतकं ते नव्हतं. “आक्का, मले लई भीती वाटून राहिली,” ती बाकावर बसून म्हणाली, “ऑफिसमध्ये मीटिंग चालू असते आणि माझं सगळं लक्ष दाराकडं.” आक्कांचा हात पिशवीत गेला. त्यांनी आपली डबी बाहेर काढली. मी काउंटरमागून पाहत होते. आक्कांनी डबीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि डबी परत पिशवीत टाकून तिच्या जागी खारी काढली. “खा,” एवढंच म्हणाल्या. वाटून दिल्याशिवाय घास न उतरणाऱ्या बाईला ते किती जड गेलं असेल! मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली होती. मी उठले आणि रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले.

मग प्रणाली सावरू लागली. आधी रक्त कमी झालं. मग रात्रीचं उठणं थांबलं. हळूहळू तिच्या गालांवर रंग आला, आणि एके दिवशी ती चक्क उशिरा आली, कारण बसमध्ये तिला झोप लागली होती. या आजाराच्या माणसाला बसमध्ये झोप लागते म्हणजे काय, ते बाकावरच्या सगळ्यांना कळलं. साठे काकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र आनंद झाला की धाकधूक वाढली ते सांगता येत नाही. वरवर बरं वाटणं वेगळं आणि आतडं आतून भरून येणं वेगळं. तो निकाल दुर्बिणीतूनच लागणार होता, आणि सर्जनची फाइल अजून बंद झालेली नव्हती.

त्याच दिवसांत आक्का एका सकाळी आल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “माजं बिघडलंय. लिवा.”

मी चमकले. त्यांना नियम माहीत होता. इतकं बिघडलं की माणूस प्रयोगातून बाहेर. त्यांनी नोंद जरा सौम्य केली असती तर कुणाला कळलं नसतं. प्रणालीची साथ सुटू नये म्हणून त्यांनी तसं केलं असतं तर मी समजूही शकले असते. पण त्यांनी एकेक आकडा सांगितला, रक्ताचं सांगितलं, तापाचं सांगितलं. मोघ्यांनी त्याच दिवशी त्यांना प्रयोगातून काढलं आणि माहितीचं, पारखलेलं इंजेक्शन सुरू केलं. ते त्यांना हळूहळू लागू पडलं. त्यांच्या डबीत खरं होतं की खोटं, ते मला आजही ठाऊक नाही. प्रयोग अजून चालू आहे, आणि संगणक अजून बोललेला नाही.

आक्का प्रयोगातून गेल्या, पण बाकावरून गेल्या नाहीत. प्रणालीच्या प्रत्येक तारखेला त्या पिशवी घेऊन हजर.

दुर्बिणीच्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन देतात, म्हणून सोबत कुणीतरी लागतं. अर्थातच आक्का आल्या. प्रणालीला आत नेलं तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसेनात. साठे काकांची त्या दिवशी तारीख होती, तेही पेपर उलटा धरून बसले होते. मी आत होते. पडद्यावर आधीच्या तपासणीची चित्रं बाजूला लावलेली: लालभडक, सोललेलं, जागोजागी व्रण. आणि मधोमध आत्ताचं. मोघे दुर्बीण सरकवत होते. एक वळण गेलं, दुसरं गेलं. गुलाबी, ओलं, चकचकीत आतडं, आणि त्यावर बारीक बारीक शिरांची नक्षी.

“शिरा,” मोघे म्हणाले. मग मोठ्यानं, “शिरा दिसतायत! बघितल्यात का? सूज असली की शिरा झाकल्या जातात. ही बघा, इथे, आणि इथेसुद्धा! अहो, हे भरून आलंय!” एका दमात इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्यांनी तपासणीसाठी बारीक तुकडे घेतले, काम नीट पुरं केलं, आणि मग हातमोज्यांसकट स्वतः दारापर्यंत गेले. प्रणालीनं आधीच सांगून ठेवलं होतं, काय असेल ते आधी आक्कांना सांगा. मोघ्यांनी दार उघडलं आणि नुसतं म्हणाले, “या.”

आक्का पडद्यासमोर उभ्या राहिल्या. “हे तिचंच हाय ना? आदलाबदल नाय ना केली तुमी?”

“अदलाबदल आम्ही करत नाही,” मोघे म्हणाले. “ते खातं तुमच्याकडे होतं.”

आक्का खळखळून हसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. मोघे उगाच मॉनिटरची वायर सरळ करत राहिले.

बाहेरच्या खोलीत प्रणाली गुंगीतून वर येत होती. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. आक्का तिच्या कानाशी वाकल्या होत्या.

“आक्का,” तिनं विचारलं, “काढायचं का मग?”

“काय काढतीस? जागच्या जागी हाय समदं. झोप अजून थोडी.”

तुकड्यांचा अहवाल नंतर आला, तोही चांगला. ऑपरेशनचा विषय सर्जननंच बाजूला ठेवला. मी त्यानंतर थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडली, दुसऱ्या शहरात गेले, आणि आक्कांना पुन्हा भेटणं झालं नाही. डोळ्यांसमोर राहिल्या आहेत त्या त्याच दिवसाच्या. दुर्बिणीच्या अहवालाबरोबर आतड्याचे रंगीत फोटो छापून येतात. मी ते फाइलला लावत होते, तर आक्कांनी वरच्यावर उचलले. मी म्हटलं, “अहो आक्का, ते गोपनीय असतं.” चाकाच्या खुर्चीत बसलेली प्रणाली हसत म्हणाली, “दाखवू द्या ना मॅडम, किती खूश आहेत त्या.” आणि आक्का बाकांवरून निघाल्या. बारशाला आलेल्या माणसांना बाळ दाखवावं तसा एकेकाच्या पुढ्यात फोटो धरत. “बघा, कसं गुलाबी हाय. बघा तरी.” कुजबुजणारी सभ्य माणसं खरोखरच वाकून वाकून बघत होती.

साठे काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. फोटो जवळ धरला, मग लांब धरला.

“छान आहे,” ते म्हणाले. “कुणावर गेलंय?”

“माज्यावर,” आक्का म्हणाल्या, आणि फोटो घेऊन पुढच्या बाकाकडे गेल्या.